प्रतिहमी

पनवेलहून गोव्याच्या महामार्गाला लागलो की मला गुहागर तालुक्यातील दाभोळ वीजप्रकल्प आठवतो. मे १९९६ मध्ये मी सेमिनरीत शिकत होतो. दिल्लीतील तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने, लोकसभेचा विश्वास संपादन करण्याआधीच, एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या सुधारित कराराला केंद्राची प्रतिहमी मंजूर केली. एन्रॉनला समुद्रात बुडविण्याची भाषा महाराष्ट्रात करणाऱ्या भाजपचेच ते सरकार होते.

परकीय भांडवल येते आहे, मग हरकत कशाला, म्हणून मी सहाध्यायांशी हिरिरीने वाद घातला. राज्याचे वीज मंडळ आणि राज्य सरकार पैसे चुकते करू शकले नाही, तर ते देशाच्या तिजोरीतून द्यायचे, हा प्रतिहमीचा अर्थ मला ठाऊकही नव्हता! २००१ साली ती महाग वीज मंडळाला परवडेना. त्याच डिसेंबरात एन्रॉनचेही दिवाळे निघाले.

बाहेरच्याला दोष देणे सोपे असते. तो आपले हित पाहणारच. पण त्याला दार आतून उघडले जाते. सरकारला जाब विचारणारी संसद हवी, तसेच काय विचारायचे हे समजून घेणारे नागरिकही हवेत. तेव्हा मी वाद घातला. समजून मात्र घेतले नाही.