मागे घेतलेला अर्ज

दसरा आटोपला की वऱ्हाडात दिवस भराभर पळू लागतात. सोयाबीन घरात येते, कपाशीची बोंडे फुटतात, आणि दिवाळीची सुटी संपली की अकोल्याहून अमरावतीकडे जाणाऱ्या गाड्यांत वसतिगृहाकडे परतणाऱ्या मुलामुलींची दाटी होते. अशाच एका दाटीत मी माझ्या धाकट्या लेकीला अकोल्याच्या फलाटावरून निरोप दिला. ती अमरावतीस एम.ए. करते, विषय राज्यशास्त्र. गाडी हलता हलता तिने खिडकीतून एक लिफाफा माझ्या हाती दिला आणि म्हणाली, "बाबा, घरी जाऊन वाचा. सही करून पाठवा. नाही म्हणू नका."

घरी येऊन लिफाफा उघडला. आत पालकांच्या संमतिपत्राचा एक कागद होता आणि संविधान दिनाच्या स्पर्धेसाठी लिहिलेल्या तिच्या निबंधाची चार पाने. मी शाळेत मराठी शिकवतो. ऱ्हस्व-दीर्घ तपासण्याचे काम घरातले कोणीही माझ्याकडेच देते. निबंध मी बाजूला ठेवला आणि आधी संमतिपत्र वाचले.

राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपूरच्या विधान भवनात एक संसदीय अभ्यासवर्ग भरवते. राज्यातील विद्यापीठांमधून राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन या विषयांचे विद्यार्थी तेथे निवडून पाठवले जातात. मंत्री, आमदार, पत्रकार त्यांच्यापुढे बोलतात आणि मुलांना सभागृहाचे कामकाज प्रत्यक्ष पाहावयास मिळते. यंदा तिच्या महाविद्यालयातून तिची निवड झाली होती. राजकारणाचा अभ्यास करणाऱ्या मुलीला याहून मोठी संधी ती कोणती? तरीही तो कागद माझ्या खिशात चार दिवस तसाच राहिला.

त्याचे कारण सांगायचे तर मला १९९० सालात जावे लागेल. तेव्हा मी अमरावतीस बी.ए. च्या दुसऱ्या वर्षाला होतो. पावसाळा ओसरला की महाविद्यालयात वर्गप्रतिनिधींच्या निवडणुकांचे वारे वाहू लागत. भिंती घोषणांनी रंगत, चहाच्या टपऱ्यांवर आकडेमोड चाले. मित्रांच्या आग्रहाने मीही अर्ज भरला. शनिवारी गावी गेलो आणि आईला उत्साहाने ही वार्ता सांगितली. आईचा चेहरा उतरला. आदल्याच वर्षी, १९८९ मध्ये, मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या हिंसाचारात ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा बळी गेला होता. वर्तमानपत्रातले ते नाव आमच्या घरात कोणी विसरले नव्हते. हातातली जपमाळ न थांबवता आई म्हणाली, "बापू, आपल्याले त्याच्यात कायले पडा लागते? आपलं शिक्षण भलं अन् आपण भले."

सोमवारी मी अर्ज मागे घेतला. कोणी मला धमकावले नव्हते, कोणी अडवलेही नव्हते. कार्यालयातील लिपिकाने नावावर रेघ मारली आणि पुढच्या मुलाला हाक दिली. एवढ्यावर ते प्रकरण संपले असे मी समजलो.

पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने त्या निवडणुकाच बंद केल्या. गुणवत्तेच्या यादीतून विद्यार्थी प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, २०१९ साली त्यांचे वेळापत्रकही निघाले. पण त्या पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे राज्यशास्त्राच्या पुस्तकात मतदानाची प्रकरणामागून प्रकरणे वाचणाऱ्या माझ्या लेकीने आपल्या महाविद्यालयात मतपेटी कधी पाहिलेली नाही. तिला राजकारण पाहायचे असेल तर ते बाहेर जाऊनच पाहावे लागणार.

तिच्या आईला मी कागद दाखवला. तिने तो वाचला आणि शांतपणे म्हणाली, "मोर्चे निघतात तिथे. गर्दी होते. तिची परीक्षा तोंडावर आहे, नाताळ आहे. यंदा राहू द्या." मी काही बोललो नाही. शब्द निराळे होते, पण आवाज मला ओळखीचा वाटला. पस्तीस वर्षांपूर्वीची ती भीती आमच्या स्वयंपाकघरात जशीच्या तशी उभी होती, आणि खरे सांगायचे तर ती माझ्याही मनात होती.

त्या रात्री निबंधाची पाने घेऊन बसलो. विषय होता घटना परिषद आणि अल्पसंख्याक. लेकीने लिहिले होते की घटना परिषदेचे उपाध्यक्ष आणि अल्पसंख्याकविषयक उपसमितीचे प्रमुख डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगालमधील एक ख्रिस्ती प्राध्यापक होते. मद्रास प्रांतातून आलेले फादर जेरोम डिसोझा हे येशूसंघीय धर्मगुरू त्याच सभागृहात बसत. आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुखही तेथेच होते. धार्मिक अल्पसंख्याकांना कायदेमंडळात राखीव जागा असाव्यात असे आधी ठरले होते. १९४९ च्या मे महिन्यात तो विचार सोडून देण्यात आला, आणि मुखर्जी व फादर डिसोझा या दोघांनीही त्यास मनापासून पाठिंबा दिला. आमच्या माणसांनी इतर सर्वांसोबत, त्याच दारातून सार्वजनिक जीवनात यावे, अशी त्यांची श्रद्धा होती.

इथपर्यंत मी लाल शाईने दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार दुरुस्त केला होता. शेवटच्या परिच्छेदात तिने लिहिले होते: "राखीव जागा सोडणाऱ्यांनी आपल्या पुढच्या पिढ्यांवर विश्वास टाकला होता. दार उघडे होते. आपण त्यातून किती जण आत गेलो?"

त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. आमच्या धर्मग्रामातील घरे माझ्या डोळ्यांपुढून गेली. शिक्षक, परिचारिका, बँकेतले, रेल्वेतले, व्रतस्थ भगिनी, धर्मगुरू: सेवेत आम्ही कुठेच मागे नाही. पण ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महाविद्यालयाच्या एखाद्या साध्या मंडळात? ही वाट आम्हाला कोणी बंद केली नव्हती. १९९० साली मी स्वतःच्या हाताने जे केले तेच घरोघरी, पिढीमागून पिढी, मुकाट्याने होत आले होते. सकाळी मी संमतिपत्रावर सही केली. पत्नीने ती पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी लेकीचा जाड स्वेटर पेटीतून काढून उन्हात टाकला.

डिसेंबरात लेक नागपूरला गेली. परत आल्यावर दोन दिवस तिचे तोंड थांबले नाही. प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना, हक्कभंग या शब्दांच्या व्याख्या तिला पाठ होत्या. आता त्यांना आवाज आणि चेहरे मिळाले होते. २८८ आमदारांची विधानसभा आणि ७८ जणांची विधान परिषद यांतील फरक तिने गॅलरीत बसून पाहिला. काही बाके रिकामी होती, काही भाषणे पोकळ होती, हेही तिने लपवले नाही. अधिवेशन नागपूरलाच का होते याची कथा तिने मला, म्हणजे आपल्या बापाला, समजावून सांगितली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच शहरात झालेला अकोला करार, मग २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार, आणि त्यात विदर्भाला दिलेले वचन की वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात भरेल. इतकी वर्षे अकोल्यात राहून त्या कराराविषयी मी वर्गात एक शब्दही कधी बोललो नव्हतो.

पण ज्या गोष्टीने ती गप्प झाली ती विधान भवनाच्या बाहेरची होती. शून्य मैलाच्या दगडाजवळ गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपल्या मागण्या घेऊन आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि लेकरे पुष्कळ होती. लेक म्हणाली, "बाबा, आत एक माणूस 'सभापती महोदय' म्हणून उभा राहतो आणि सगळे ऐकतात. बाहेर हजारो माणसे ओरडतात आणि कोणालाच ऐकू जात नाही. ह्या दोघांमधले अंतर कमी करणे म्हणजे राजकारण, असे मला तिथे वाटले." परीक्षेत या व्याख्येला किती गुण मिळतील ते मला ठाऊक नाही.

तिने हे शिक्षण वहीत ठेवले नाही. २६ जानेवारीस आम्ही गावी गेलो होतो. झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. लेकीचे नाव त्या गावच्या मतदारयादीत नाही, म्हणून ती मागे सतरंजीवर नुसती बसली. शेजारी तिची काकू. सभा दहा मिनिटांत उरकण्याच्या बेतात असताना लेक काकूच्या कानाशी काही बोलली. आयुष्यात चारचौघांत कधी तोंड न उघडलेली काकू पदर सावरत उठली आणि म्हणाली, "मांगच्या सभेचा ठराव वाचून दाखवा." क्षणभर शांतता पसरली. मग ग्रामसेवकाने इतिवृत्ताची वही उघडली आणि वाचू लागला. अंगणवाडीसमोरच्या नालीचा ठराव त्यात होता, आणि नाली झालेली नव्हती. ती कधी होईल याची तारीख त्या दिवशी सर्वांसमोर वहीत लिहिली गेली.

रात्री ओसरीवर काकूने ही हकिगत तीन वेळा सांगितली. आई आता पंच्याऐंशीची आहे. खाटेवर बसून जपमाळ ओढत ती ऐकत होती. मला वाटले, तिचे लक्ष नाही. माळेचा शेवटचा मणी सोडून तिने नातीला जवळ बोलावले आणि म्हणाली, "पुढच्या सभेले मलेबी घेऊन जाजो."

मी अंगणात गेलो. १९९० साली मागे घेतलेला माझा अर्ज कुठल्याशा रद्दीत केव्हाच गेला असेल. तो आमच्या घरातून पुन्हा भरला गेला आहे, आणि या वेळी त्यावर माझ्या आईचीही सही आहे.