स्वेटर कोण धरणार?

पहाटेचे पावणेसहा. मुक्काम पोस्ट वाशीम. मामाच्या अंगणात मी एकदम तय्यार! आतून थर्मल, त्यावर फुल बाह्यांचा टी-शर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर विंडचीटर, हातमोजे आणि कानांवर मस्तपैकी जांभळा बँड. ‘धावायचं तर गिअर हवंच, बॉस’ हा आमच्या पुण्यातल्या रनिंग ग्रुपचा फंडा. मामेबहीण बाहेर आली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाली, “ताई, हिमालयात जाऊन राहिली का?”

तिच्या अंगावर भावाची ट्रॅकपँट, सुती टी-शर्ट, वर मामीने विणलेला मरून स्वेटर आणि चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळलेला स्कार्फ. दिसत होते फक्त डोळे.

विदर्भात कसली आलीय थंडी, असं वाटणाऱ्यांसाठी आधी एक खुलासा. मे महिन्यातला विदर्भ सगळ्यांना माहीत असतो, डिसेंबरमधला कुणालाच नाही. वाशीम पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा दहाच्या आसपास येतो आणि हिंगोली रोडला लागलं की दोन्ही बाजूंनी मोकळी शेतं. हरभऱ्यावरून येणारा वारा थेट कानात घुसतो. गंमत म्हणजे त्याच दिवशी दुपारी रसवंतीवर बसून तुम्ही बर्फ घातलेला उसाचा रस पीत असता!

तर आम्ही निघालो. पहिली पाच मिनिटं मी खूश. दहाव्या मिनिटाला विंडचीटरच्या आत कुकर लागला. पंधराव्या मिनिटाला हातमोजे खिशात, जॅकेट कमरेला आणि माझी चाल नुकतंच जेवण झाल्यासारखी. बहीण केव्हाच पुढे निघून गेली होती.

चूक साधीच आहे आणि शहरातले आपण सगळे ती करतो. आपण कपडे घालतो ते दारात उभं राहून, दाराबाहेरच्या थंडीसाठी. पण धावताना शरीर म्हणजे एक भट्टी असते. स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा तुम्हाला पुढे ढकलतो, बाकीची सगळी उष्णता. म्हणून जाणते धावपटू सांगतात, की बाहेर आहे त्यापेक्षा दहा अंश जास्त आहे असं समजून कपडे घाला. वाशीमच्या दहा अंशांत वीसचे कपडे. म्हणजे एक पातळ फुल टी-शर्ट, फार तर बिनबाह्यांचं जॅकेट, कान झाकलेले, बोटं झाकलेली. कान आणि बोटं का? तर थंडीत शरीर आधी मधल्या भागाकडे रक्त वळवतं आणि या कडेच्या मंडळींना वाऱ्यावर सोडतं. निघताना थोडी हुडहुडी भरली, तर समजायचं की कपडे बरोबर आहेत.

आणि हो, सुती नको. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. थांबलात की तोच ओला टी-शर्ट पाठीवर बर्फासारखा. साधा पॉलिस्टरचा, क्रिकेट टीमवाले छापून घेतात तसला टी-शर्टही याबाबतीत सरस. हे मी तिला सांगितलं खरं, पण सांगताना जरा चोरट्यासारखंच झालं. आमचे आजोबा कारंज्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या नेणारे. आज जिल्ह्यात सोयाबीनचं राज्य असलं, तरी वऱ्हाडच्या पोरीला ‘कॉटन घालू नको’ म्हणणं म्हणजे कोल्हापूरकराला ‘चप्पल काढ’ म्हणण्यासारखं!

गिअरवरून आठवल्या लता करे. साठी ओलांडलेल्या या बाई नवऱ्याच्या उपचाराच्या पैशांसाठी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. २०२० मध्ये त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. माझं जॅकेट तेव्हा कमरेला लटकत होतं, म्हणून हे जरा जास्तच आठवलं असेल.

बहीण धावते ती फिटनेससाठी नाही. ती भरतीसाठी धावते. पहाटे वाशीमच्या कुठल्याही रस्त्यावर जा, धावणारी पोरं-पोरी दिसतील आणि त्यातली बहुतेक सगळी पोलीस नाहीतर आर्मी भरतीची. मुलींसाठी पोलीस भरतीचं ग्राउंड म्हणजे ८०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५. एकूण ५०. आपण ‘पर्सनल बेस्ट’ म्हणून जे सेकंद मिरवतो, ते तिच्यासाठी शब्दशः नोकरीचे गुण असतात.

“मग स्वेटर कशाला घालतेस? आणि तो स्कार्फ तरी काढ, श्वास कोंडतो,” मी म्हणाले. यावर तिने जे सांगितलं, ते कुठल्याच रनिंगच्या पुस्तकात मी वाचलेलं नाही.

“थंडीत बरं असते, ताई. तोंड बांधलं तं कोणी वळखत नाही. उन्हाळ्यात टी-शर्टवर पळालं की आख्ख्या रोडले समजते, कोणाची पोरगी हाय ते.”

म्हणजे मी थंडीसाठी कपडे घालत होते आणि ती कपड्यांसाठी थंडी वापरत होती! नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिचा सीझन. स्वेटरच्या आत काय घातलंय ते दिसत नाही, स्कार्फच्या आत कोण आहे ते कळत नाही. गल्ली संपेपर्यंत स्वेटर, मैदानावर पोचलं की काढायचा. त्यासाठी सहा मैत्रिणींनी एक पद्धतही बसवलीय. रोज पाळीने एकजण धावत नाही, ती सगळ्यांचे स्वेटर मांडीवर घेऊन बसते. अधूनमधून मोबाइलवर वेळ लावते. मी आल्यापासून हे काम आपसूक माझ्याकडे आलं. सहा स्वेटर मांडीवर असूनही बसल्या बसल्या मी कुडकुडले आणि त्या अर्ध्या बाह्यांत लालबुंद होऊन आल्या.

स्वेटर सांभाळणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते नंतर कळलं. २०२३ च्या जानेवारीत भर थंडीत ग्राउंड झालं होतं. ती परजिल्ह्यात एकटी गेली होती, मामाला सोयाबीन विकायचं होतं. पहाटे चारला रांगेत उभं राहायचं आणि स्वेटर धरायला कुणी नाही. हरवला तर मामी काय म्हणेल या भीतीने तिने तो खोलीवरच ठेवला आणि टी-शर्टवर निघाली. नंबर लागेपर्यंत तीन तास गेले. “पाय लाकडावानी झाले होते. शिट्टी वाजली अन् मले पळताच येईना.” गार पडलेला स्नायू आळशी असतो, हे विज्ञान आहे. सरावात तीन मिनिटांच्या आत येणारी पोरगी त्या दिवशी बरीच मागे पडली. चार गुणांनी गेलं.

२०२४ चं ग्राउंड जूनमध्ये, पावसाळ्यात सुरू झालं. तेव्हा तिला टायफॉइड होता. आता मामा म्हणतो, हे शेवटचं. नंतर स्थळं बघायची.

मी ऐटीत उपाय सांगितला. मोठ्या मॅरेथॉनमध्ये लोक जुना स्वेटर घालून उभे राहतात आणि सुरुवात होताना सरळ फेकून देतात. न्यूयॉर्कमध्ये तर असे कपडे गोळा करून दानही करतात. तू पण तसंच कर.

ती माझ्याकडे बघतच राहिली. “आईनं विणलेला स्वेटर फेकून देऊ? वेडी झाली का तू?”

मग मी स्वस्तातला उपाय काढला. कचऱ्याची मोठी प्लास्टिकची पिशवी घ्यायची, डोक्याला आणि हातांना भोकं पाडायची, टी-शर्टवर चढवायची. वारा अडतो, अंगची ऊब आत राहते, शिट्टीआधी टराटरा फाडून टाकली की झालं. हे ऐकून ओसरीवर बसलेला मामा पहिल्यांदा हसला. “त्यात काय नवं? आमी पावसात खताच्या पोत्याची खोळ घेतोच की!” आणि आत जाऊन तो खरोखरच एक रिकामं पोतं घेऊन आला. झटकलं, उजेडात धरून पाहिलं आणि मामीकडून कात्री मागून घेतली. गळ्याचं भोक लहान झालं म्हणून मामीने ते पुन्हा कापून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पोत्यात उभी होती, छातीवर युरियाची अक्षरं. मैत्रिणी हसून हसून लोळल्या. चार दिवसांनी मात्र मैदानावर तीन पोती आली.

मी पुण्याला परतले. फ्लीस तिच्याकडे ठेवून आले, कानाचा बँडही. परवा रात्री तिचा फोन आला. ग्राउंडला या वेळी मामा सोबत जाणार आहे, रजा-बिजा काही नाही, शेतीच आहे म्हणाला. पोतं नेणार का, विचारलं.

“पोतं बी नेतो. पण पप्पा म्हणते, स्वेटर मी धरतो.”