आम्हांस हवा असलेला माईक

वामनदादा कर्डक यांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. सिन्नर तालुक्यातील देशवंडी या खेड्यात १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेला, गिरणीत राबलेला हा माणूस १९४३ साली पहिले गीत रचतो आणि २००४ मध्ये निधन होईपर्यंत गातच राहतो. त्यांची प्रेरणा कोणती, असे विचारताच आमचे विद्यार्थी एकमुखाने ‘बाबासाहेब’ म्हणतात. ते खरेच आहे. इतिहासाच्या तासाला आम्ही त्यात थोडी भर घालतो. कोणाचे तरी पत्र वाचून दाखविता आले नाही, ते शल्य मनाला लागले आणि ते अक्षरे शिकले, असे सांगतात. त्यांच्यासमोर बसणाऱ्यांपैकीही अनेकांना वाचता येत नव्हते. १९२० चा ‘मूकनायक’, १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ वाचणाऱ्यांपर्यंत पोहोचले. उरलेल्यांपर्यंत ते विचार जलशांनी आणि गीतांनी नेले.

जुन्या जलशांना माईक कुठला? डफ, ढोलकी, तुणतुणे आणि शेवटच्या माणसापर्यंत फेकायचा आवाज. शाहिराची ओळ झीलकरी उचलीत, आमच्या मते तोच त्या काळचा ध्वनिवर्धक होय.

आमच्या गायन पार्टीतील एका विद्यार्थ्याचे स्वप्न मात्र ‘शुअर एसएम ५८’ हा माईक आहे. १९६६ साली बाजारात आलेला हा अमेरिकन माईक समोरचा, जवळचा आवाज घेतो आणि मागचा गोंगाट बराचसा टाळतो. ओठांजवळ धरला की खर्जातील स्वर भरदार होतो. हे सारे त्यानेच आम्हांस समजावून दिले. शाहीर विठ्ठल उमप दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच कोसळले आणि गेले, हेही तो तारखेनिशी सांगतो : २६ नोव्हेंबर २०१०. त्याला तो माईक अवश्य मिळावा.

आम्हांस हवा आहे तो निराळा, हळू आवाज ऐकणारा. भीमाच्या ओव्या गाणाऱ्या आमच्या आया-आज्या मंचावर गेल्या नाहीत. समोर माईक धरला की त्या पदर तोंडाशी नेतात. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांच्या ओव्यांचे १९९६ मध्ये ध्वनिमुद्रण झाले, म्हणून तो गळा आज ऐकू तरी येतो. बाकी गावांत पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. आमच्या आईच्या चार ओव्या आम्हांस शब्दशः पाठ आहेत. चाल कागदावर उतरत नाही. ती ‘भीमराया’ म्हणताना जिथे थांबे, ते थांबणे कोणत्या लिपीत लिहावे?

माजी विद्यार्थ्यांनी संगीतकक्षासाठी निधी जमविला आहे. जयंतीच्या मिरवणुकीसाठी मोठे स्पीकर घ्यावेत, असा काहींचा आग्रह आहे. छातीत धडधड उठविणाऱ्या त्या आवाजात वामनदादांचे शब्दच ऐकू येत नाहीत, हे आमचे गाऱ्हाणे जुनेच. आम्ही समितीस दोन लहान ध्वनिमुद्रक मागितले आहेत. सुटीत मुलांनी ते घरी न्यावेत. आजीच्या हाती देऊ नयेत, धान्य निवडत असेल तिथे सुपाशेजारी ठेवावेत, पंखा बंद करावा आणि ‘गा’ म्हणू नये, नुसते जवळ बसावे. निर्णय व्हावयाचा आहे. दोन मुलींनी मात्र आताच नावे नोंदविली आहेत. एकीची आजी ऐंशीच्या पुढची आहे.