पूर्णेकाठचा पाहुणा

पूर्णा जंक्शनवर परभणी, नांदेड आणि अकोल्याकडील लोहमार्ग एकत्र येतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली पूर्णा नदी याच तालुक्यात कंठेश्वरनजीक गोदावरीस मिळते. दाट अरण्य येथे नाही. बाभूळ, चिंच, कडुनिंब हीच काठावरची वनराई. चातुर्मास संपून साधुसाध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो, तोवर दख्खनच्या अशा झाडोऱ्यांत हिमालयाकडील अरण्यांतून आलेले पर्णवटवटे स्थिरावलेले असतात.

त्यांपैकी ह्यूमचा पर्णवटवट्या जेमतेम दहा सेंटिमीटरचा. रंग हिरवट-करडा, डोळ्यावर फिकट भुवई, पंखावर दोन पट्टे. त्याचा भाऊबंद असलेल्या हिरवट वटवट्याच्या पंखावर बहुधा एकच पुसट पट्टा असतो. पण पिसे झिजली की हा भेदही धूसर होतो. मग आवाज ऐकावा लागतो. एकाच छायाचित्रावरून निर्णय देणारा हत्तीची शेपटी चाचपणाऱ्या आंधळ्यासारखा फसतो. अनेकान्ताचा धडा येथे पानोपानी मिळतो.

ज्यांचे नाव या पक्ष्यास मिळाले, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत अग्रणी होते. त्या काळी पक्षी टिपायचा तो बंदुकीने. ह्यूम यांच्या संग्रहात पाऊण लाखाहून अधिक मृत पक्षी जमले होते. थिऑसफीच्या प्रभावाने मात्र ते शाकाहारी झाले आणि त्यांनी पक्षी मारणे सोडले. पुढे सिमल्यात त्यांच्या अनेक वर्षांच्या हस्तलिखित नोंदी चोरीस जाऊन बाजारात रद्दीच्या भावाने विकल्या गेल्या. संग्रह त्यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, म्हणून हिंसा आपोआप संपली असे नाही. मोबाइलवर मुद्रित आवाज वाजवला की प्रतिस्पर्धी आला असे समजून पक्षी अस्वस्थ होऊन जवळ येतो. छायाचित्र मिळते, त्याचे मोल तो जीव भरतो. काही ग्रॅमच्या त्या देहास दिवसभर किडे वेचून जगायचे असते, आणि उन्हाळ्यात परतीचा दीर्घ प्रवासही करायचा असतो.

ईर्यासमिती पाऊल जपून टाकण्यास सांगते. छायाचित्रकारासही तोच नियम लागू आहे. चिंचेखाली सकाळची तिरीप उतरेपर्यंत थांबावे. पाहुणा आपणहून खालच्या फांदीवर आला, तर छायाचित्र घ्यावे. न आला, तर ऐकलेला आवाज वहीत नोंदवून हलक्या पावलांनी परतावे.