हात कुणाचा?

१९६५ सालच्या 'फँटॅस्टिक फोर'च्या वार्षिक अंकात एक लग्न आहे. रीड रिचर्ड्स आणि सू स्टॉर्म यांचं. वऱ्हाडात मार्व्हलचे जवळपास सगळे हिरो आणि लग्न मोडायला आलेले जवळपास सगळे खलनायक. पानापानावर हाणामारी. शेवटी एकदाचं लग्न लागतं, आणि दारात दोन माणसं येऊन उभी राहतात. त्यांच्याकडे आमंत्रण नाही, म्हणून त्यांना आत सोडत नाहीत. ही दोन माणसं म्हणजे स्टॅन ली आणि जॅक कर्बी. ज्यांनी ही सगळी वरात जन्माला घातली, त्यांनाच मांडवाबाहेर काढलं जातं.

गंमत म्हणून केलेला हा विनोद पुढे अर्धा खरा झाला. स्टॅन ली आत गेला, इतका आत की सिनेमात त्याचा चेहरा दिसला की थिएटरमध्ये शिट्ट्या पडायच्या. दुसरा माणूस बराच काळ दाराबाहेरच राहिला. आणि ती चौकट काढणारा हात त्या दुसऱ्याचा होता.

जॅक कर्बी हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तरी त्याचं काम तुम्ही नक्की पाहिलंय. कॅप्टन अमेरिका, हल्क, मार्व्हलचा थॉर, एक्स-मेन, ब्लॅक पँथर, सिल्व्हर सर्फर, इटर्नल्स. ह्यातला प्रत्येक जण वाचकांसमोर पहिल्यांदा आला तो त्याच्या पेन्सिलीतून. काही पात्रं त्याने जो सायमनबरोबर केली, बरीचशी स्टॅन लीबरोबर, काही एकट्याने. पण ही यादी पाठ करून कर्बी कळत नाही. त्यासाठी एखादं पान उघडून पाहावं लागतं.

पहिल्यांदा पाहताना ते थोडं ओबडधोबडच वाटतं. बोटांची टोकं चौकोनी, जणू विटा. गुडघे, खांदे, जबडे सगळं तासून काढल्यासारखं. ठोसा मारणाऱ्याची मूठ डोक्यापेक्षा मोठी, कारण ती थेट तुमच्या नाकाकडे येतेय. धातूवर वेड्यावाकड्या काळ्या रेघा, आणि यंत्रं अशी की त्यांचा उपयोग काय हे विचारायची हिंमत होऊ नये. शरीररचनेच्या परीक्षेत हा माणूस काठावर पास झाला असता. पण त्याची माणसं उभी असली तरी उभी वाटत नाहीत. ती आत्ता कुठूनतरी आलेली असतात किंवा पुढच्या क्षणी कुठेतरी झेपावणार असतात.

आणि मग ते काळे ठिपके. अवकाश, स्फोट, एखाद्या देवाच्या हातातून निघणारी शक्ती, असं काहीही दाखवायचं असलं की कर्बी काळ्या गोळ्यांचे झुबके काढायचा. चाहत्यांनी पुढे त्याला 'कर्बी क्रॅकल' असं नाव दिलं. नीट पाहिलं तर लक्षात येतं, की ऊर्जा त्याने काढलेलीच नाही. त्याने काढलाय तिच्या भोवतीचा अंधार. प्रकाश म्हणजे मधे उरलेला कोरा कागद. स्वस्त कागदावरच्या स्वस्त छपाईत, चार शाईंच्या हिशेबात, ह्याहून तेजस्वी उजेड कुणाला काढता आला असेल असं मला वाटत नाही.

ही शैली कुठून आली? न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधून, असं सरळ उत्तर देता येतं. १९१७ साली तिथे जन्मलेला जेकब कर्ट्झबर्ग हा ऑस्ट्रियाहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला मुलगा. वडील कपड्यांच्या कारखान्यात कामाला. गल्लीगल्लीतल्या पोरांच्या टोळ्या, आणि त्यांच्या खऱ्याखुऱ्या मारामाऱ्या. मारामारी कशी दिसते हे त्याला चित्रकलेच्या वर्गात शिकावं लागलं नाही. डिसेंबर १९४० मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरायच्या वर्षभर आधी, बाजारात आलेल्या 'कॅप्टन अमेरिका'च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या तोंडावर ठोसा हाणतोय. अमेरिकेत तेव्हा 'आपल्याला काय त्याचं' म्हणणारे पुष्कळ होते. सायमन आणि कर्बी ह्या दोन ज्यू तरुणांनी मात्र आपली बाजू ठरवून टाकली होती.

मग तो स्वतः युद्धावर गेला. १९४४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीत उतरला. कर्बी सांगायचा, की तो कॉमिक्स काढणारा आहे हे कळल्यावर अधिकाऱ्याने त्याला स्काउट केलं. काम काय, तर सगळ्यांच्या पुढे जायचं, शत्रूच्या जागा पाहायच्या आणि त्यांची चित्रं काढून आणायची. त्या हिवाळ्यात हिमदंशाने त्याचे पाय कापावे लागतात की काय अशी वेळ आली. हे वाचल्यापासून मला त्याच्या चित्रांतले स्फोट वेगळे दिसतात. ते शोभेचे नाहीत. तिथे काहीतरी मोडतं, आणि कुणीतरी ते जवळून पाहिलेलं आहे.

कर्बीपर्यंत मी पोचलो तो कामामुळे. मी मुंबईत व्हीएफएक्सच्या धंद्यात आहे. सुरुवात रोटोपासून झाली. रोटो म्हणजे चित्रीकरणातल्या माणसाची कडा फ्रेमगणिक आखून त्याला पार्श्वभूमीपासून सोडवायचं. एका सेकंदात चोवीस फ्रेम. एका परदेशी सुपरहिरोपटातल्या एका योद्ध्याच्या केसांवर मी तीन आठवडे होतो. आमच्या लीडने एका रात्री जेवणाच्या सुट्टीत फोनवर कर्बीचं एक पान उघडून दाखवलं आणि म्हणाला, "हे बघ, तू ज्या माणसाची कडा कापतोयस ना, तो हा. साठ साल." योद्ध्याची उभं राहायची ढब, शिरस्त्राण, खांद्यावरचा तो अशक्य पोशाख, सगळं तिथे होतं.

सिनेमा लागला तेव्हा मी आईला घेऊन गेलो. सिनेमा संपल्यावरही आम्ही बसून राहिलो. पांढरी नावं वर सरकत राहिली. "किती रे ही माणसं!" आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुझं कुठाय?" माझं नव्हतं. स्टुडिओच्या वाट्याला जितक्या ओळी आल्या तितकी नावं गेली, आणि त्यात मी बसलो नाही. आईला ते पटलं नाही. "मग केलं कुणी म्हणायचं ते?" तिने विचारलं. सबंध कर्बी प्रकरण ह्या एका प्रश्नात मावतं.

योगायोग असा, की कर्बीची सुरुवातही आमच्यासारखीच. १९३० च्या दशकात तो फ्लायशर स्टुडिओत 'पॉपाय'च्या कार्टूनसाठी इनबिटवीनर होता. हालचालीची मुख्य चित्रं वरचे चित्रकार काढणार, मधली ह्याने भरायची. ओळीने मांडलेली टेबलं पाहून त्याला वडिलांचा कारखाना आठवायचा, आणि तो तिथून बाहेर पडला. कॉमिक्समध्ये निदान सबंध पान आपलं असतं, असं त्याला वाटलं असावं.

पान त्याचं होतं, पण कागद त्याचा नव्हता. साठच्या दशकात मार्व्हलमध्ये कामाची एक पद्धत पडली होती. ली आणि चित्रकार कथेवर थोडं बोलायचे, कधी तर अगदी ओझरतं. मग चित्रकार सगळा अंक चौकट-चौकट रचून काढायचा, समासात काय चाललंय ते लिहून ठेवायचा, आणि त्यावर ली संवाद चढवायचा. म्हणजे कुठला प्रसंग किती पानं चालेल, कॅमेरा कुठे असेल, कोण कधी येईल, हे चित्रकाराने ठरवलेलं. सिनेमात आपण ह्याला दिग्दर्शन म्हणतो. गॅलॅक्टसच्या कथेची पानं आली तेव्हा त्यात लाटेवर स्वार व्हावं तसा फळीवर उभा राहून आकाशातून येणारा एक चंदेरी माणूस होता. त्याच्याबद्दल आधी बोलणंच झालं नव्हतं. तो कर्बीने मनाने घातला होता. हा किस्सा स्वतः लीच सांगायचा. तोच सिल्व्हर सर्फर.

लीचं योगदान नव्हतं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. भांडणारे, चिडणारे, घरभाड्याची काळजी करणारे हिरो आपल्याला बोलताना ऐकू आले ते त्याच्या संवादांमुळे. दोघांनी मिळून 'फँटॅस्टिक फोर'चे सलग १०२ अंक केले. पण एकाला मुलाखती मिळाल्या, आणि दुसऱ्याला पानामागे पैसे.

१९७० मध्ये कर्बी डीसीकडे गेला आणि 'न्यू गॉड्स'सारख्या एकमेकांत गुंतलेल्या मालिकांचं एक नवं पुराणच रचायला बसला. त्यातला खलनायक डार्कसाइड. थोड्याच वर्षांत जिम स्टार्लिनने मार्व्हलसाठी थॅनोस निर्माण केला. त्यावर कर्बीच्या ह्या पात्रांची छाया असल्याचं त्याने स्वतः सांगितलंय. म्हणजे २०१८ साली ज्या जांभळ्या माणसाच्या एका चुटकीने जगभरची थिएटरं गप्प झाली, त्याचाही माग ह्याच टेबलापाशी येऊन पोचतो. रॉय लिक्टेनस्टाइनने १९६३ मध्ये 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकातले कर्बीने काढलेले मॅग्निटोचे डोळे उचलून एक चित्र केलं. ते कलादालनात गेलं, कर्बी मात्र पुढच्या अंकाच्या मुदतीमागे धावत होता.

आपल्याकडे जोडणारा एक धागा तर कादंबरीतल्यासारखा आहे. रॉजर झेलॅझनीच्या 'लॉर्ड ऑफ लाइट' ह्या विज्ञान कादंबरीत दूरच्या ग्रहावरची माणसं तंत्रज्ञानाच्या जोरावर हिंदू देव होऊन बसतात, आणि त्यांच्याविरुद्ध उभा राहणारा नायक बुद्ध होतो. तिच्यावर सिनेमा करायचं घाटत होतं, तेव्हा त्यातल्या नगरांची, मंदिरांची रेखाटनं कर्बीने केली. सिनेमा झाला नाही. पण इराणमध्ये अडकलेल्या सहा अमेरिकनांना १९८० मध्ये सोडवताना सीआयएने 'आम्ही सिनेमावाले आहोत' असं सोंग घेतलं, आणि पुरावा म्हणून हीच पटकथा आणि हीच चित्रं वापरली. 'आर्गो' सिनेमात ती गोष्ट आहे. कर्बीची चित्रं इथेही दुसऱ्याच नावाच्या सिनेमाची म्हणून फिरत होती.

ऐंशीच्या दशकात मार्व्हल जुन्या चित्रकारांना त्यांची मूळ पानं परत द्यायला लागलं. इतरांना एका पानाचा साधा करार. कर्बीला मात्र चार पानांचा, सगळ्या हक्कांवर पाणी सोडायला लावणारा, आणि देऊ केली त्याने काढलेल्या हजारो पानांपैकी जेमतेम ८८. कॉमिक्सच्या जगात त्यावरून गदारोळ झाला, सहकारी त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि १९८७ मध्ये त्याला दोन हजारांच्या आसपास पानं मिळाली. १९९४ मध्ये तो गेला. पुढे मुलांनी हक्कांसाठी दावा केला. २०१३ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, की हे 'वर्क फॉर हायर', म्हणजे मालकाच्या सांगण्यावरून आणि मालकाच्या खर्चाने केलेलं काम, सबब ते मालकाचं. प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या दाराशी असताना २०१४ मध्ये समझोता झाला, आणि त्यानंतर कॉमिक्सच्या पहिल्या पानावर लीच्या जोडीला कर्बीचं नाव ठळक दिसायला लागलं.

माझ्या करारातही ते कलम आहे. इंग्रजीत सात ओळींचं. सही करताना कुणी ते वाचत नाही, आणि वाचलं तरी सही करतोच. त्यामुळे कर्बीची गोष्ट मला एका बिचाऱ्या कलावंताची गोष्ट वाटत नाही. तो बिचारा नव्हताच. सत्तरच्या आसपासच्या वयात त्याने कंपनीपुढे मान तुकवायला नकार दिला. मला ती एका हाताची गोष्ट वाटते. शैली जितकी यशस्वी, तितकी ती सगळ्यांची होत जाते. आज ठोसा कागदातून बाहेर येतो, ऊर्जेचे बुडबुडे उसळतात, तेव्हा हे 'कर्बीचं' असं कुणी म्हणत नाही. 'कॉमिक्समध्ये असतं तसं' असं म्हणतात. एखाद्या भाषेतला वाक्प्रचार पहिल्यांदा कुणी वापरला हे कुणाला आठवतं? पण कॉमिक्सच्या बाबतीत ते आठवता येतं. साल माहीत आहे, अंक माहीत आहे, समासातली पेन्सिलीची अक्षरंसुद्धा शाबूत आहेत. तरीही विसरलं जातं, तेव्हा ते विसरणं कुणाच्यातरी सोयीचं असतं.

तुम्हाला कर्बी वाचायचा असेल तर एक सुचवतो. फोनवर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय असते, ती बंद करा. फोन आडवा धरा आणि दोन पानांवर पसरलेलं त्याचं एखादं चित्र आधी सबंध पाहा. डोळे बारीक करावे लागतील. मग बोटांनी कोपऱ्यात जा. तिथे, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा यंत्राच्या एका नळीवरसुद्धा त्याने सावली भरलेली सापडेल.

आमच्याकडे आता प्रत्येक प्रोजेक्ट संपलं की मी एका वहीत टीममधल्या सगळ्यांची नावं लिहून ठेवतो, आणि प्रत्येकापुढे त्याने केलेले शॉट. कोर्टात तिला किंमत नाही. पण उद्या कुणी विचारलं की हे केलं कुणी, तर उत्तर लिहिलेलं असेल. परवा लीडने वही चाळली आणि एक दुरुस्ती सांगितली. धुराचा तो शॉट मी ज्याच्या नावावर टाकला होता त्याचा नव्हता, रात्रपाळीतल्या एका नव्या मुलीचा होता. मी खोडून तिचं नाव लिहिलं.