हप्ता नंतर, आधी किंमत कागदावर

भाजीच्या वाहतुकीसाठी नुकतीच नवीन पिकअप घेतली. शोरूमचं नाव घेत नाही. सेल्समन म्हणाला, "दादा, हप्ता किती झेपेल तेवढं सांगा, बाकी मी बसवतो." मी आकडा सांगणारच होतो, तेवढ्यात आबा म्हणाले, "हप्त्याचं नंतर बघू. आधी किंमत लिहून दे."

आबांनी ट्रॅक्टर असाच हप्ता बघून घेतला होता. तो फेडताना आईचे दागिने गहाण पडले.

कोटेशन आलं. खाली 'हँडलिंग चार्जेस' ८ हजार. "हे कशाचे?" "सगळेच देतात, काका." आबा उठले. दारापर्यंत पोचलो नाही तोच मॅनेजर मागे आला. ८ हजार कटाप!

विमाही बाहेरून काढला, स्वस्त पडला. थर्ड पार्टीचा दर सरकारच ठरवतं, घासाघीस होते ती ओन डॅमेजवर. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते.

आणखी एक. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय. कोटेशनवर तेवढाच आहे ना, बघा.

विचारायला लाजू नका. हप्ते आपल्यालाच फेडायचेत.