'होऊन जाईल'चे व्याकरण

मराठी साहित्याच्या अध्यापकाने संगणकप्रणाली तयार करणाऱ्या मंडळींच्या कामाविषयी लिहावे, हा काही जणांना आगाऊपणा वाटेल. परंतु आज आपल्या आसपास सर्वाधिक सामूहिक लेखन कोठे चालते, असा प्रश्न मी स्वतःला विचारते तेव्हा मला साहित्यसंस्था किंवा संपादक मंडळे आठवत नाहीत. हिंजवडीतल्या त्या काचेच्या इमारती आठवतात. तेथे दहा-बारा माणसे मिळून एकच संहिता लिहीत असतात. एकमेकांच्या ओळी खोडतात, दुरुस्त करतात, त्यांवर टिपणे लिहितात, आणि मूळ लेखक सोडून गेला तरी ती संहिता पुढे नेतात. पाठचिकित्सेचा पेपर शिकवणाऱ्या व्यक्तीला याचे कुतूहल वाटू नये तर कोणाला वाटावे?

मला ही संधी २०१८ साली मिळाली. माझी एक जुनी विद्यार्थिनी मराठीत एम.ए. करून पुढे सॉफ्टवेअरच्या चाचणीच्या कामात शिरली होती. (आमच्याकडून एम.ए. झालेली माणसे कोठे कोठे पोहोचतात, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) तिच्या गटात अकरा जण होते, त्यांपैकी सात मराठी. कामे वेळेवर होत नव्हती, झालेली पुन्हा करावी लागत होती, आणि प्रत्येकाची तक्रार एकच : "मला कोणी सांगितलेच नाही." व्यवस्थापनाने संवादकौशल्याची शिबिरे घेऊन झाली होती. त्यांत दोरीचे खेळ आणि फुगे होते म्हणे. मग हिने मला विचारले, "मॅडम, तुम्ही याल का? आम्ही एकमेकांना जे लिहितो ते नुसते वाचाल का?" मी एका महिन्याची टिपणे, निरोप आणि साप्ताहिक अहवाल मागून घेतले आणि एखादे हस्तलिखित वाचावे तसे वाचले.

सगळे लेखन इंग्रजीत होते, पण त्याचे व्याकरण मराठी होते. हे मी उपहासाने म्हणत नाही. 'होऊन जाईल', 'बघतो', 'करून टाकू', 'तेवढेच राहिले आहे' ही आपली रोजची वाक्ये इंग्रजी शब्दांचा सदरा घालून पानोपानी वावरत होती. 'काम होऊन जाईल' या वाक्याचा कर्ता कोण? व्याकरणदृष्ट्या 'काम'. काम स्वतःच होणार आहे. ते करणारा माणूस वाक्यात कोठेही नाही. 'चाचणी करण्यात आली' हा आपल्या सरकारी गद्याचा लाडका प्रयोग, त्यातही तेच. 'मी चाचणी केली' हासुद्धा कर्मणी प्रयोगच आहे, पण तेथे करणारा निदान वाक्यात उभा असतो. मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त प्रयोगविचार किती बारकाईने केला आहे हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, आणि विद्यार्थी तो परीक्षेपुरता पाठ करतात. मला त्या महिनाभराच्या कागदांत प्रयोगविचाराचे व्यवहारातले मोल दिसले. एका अहवालात सलग नऊ वाक्यांत कर्ता नव्हता. त्या नऊपैकी चार कामे पुढच्या आठवड्यात 'कोणीच केली नाहीत' असे निघाले.

'हो' या शब्दाचेही असेच. आपल्याकडे 'हो' म्हणजे संमती असतेच असे नाही. पुष्कळदा ती फक्त ऐकत असल्याची पोच असते. हरदास कथा सांगत असताना समोरचा हुंकार देतो, त्याच जातीची. नवखा मुलगा वरिष्ठाच्या प्रत्येक वाक्यानंतर 'हो' म्हणतो, वरिष्ठ समजतो की याला कळले, आणि मुलगा जागेवर जाऊन शेजारच्याला विचारतो, "ते काय म्हणत होते?" यात कोणी खोटे बोललेले नसते.

या सगळ्याहून मला अधिक गुंतवणारी गोष्ट सर्वनामांची होती. या कंपन्यांत सर्वांना नावाने हाक मारायची पद्धत आहे. सर नाही, साहेब नाही. इंग्रजीत हे सोपे जाते, कारण तेथे द्वितीय पुरुषाचे एकच सर्वनाम सर्वांना पुरते. पण दोन मराठी माणसे चहाला उठली की त्या क्षणी निवड करावी लागते : तू, की तुम्ही? बेचाळीस वर्षांच्या गटप्रमुखाला तेवीस वर्षांची मुलगी बैठकीत नुसत्या नावाने संबोधते आणि जिन्यात त्यालाच 'अहो सर, तुम्ही' म्हणते. माझ्या विद्यार्थिनीचे निरीक्षण असे की ज्या दिवशी एखाद्याला काही चुकले असे सांगायचे असते, त्या दिवशी माणसे मराठीतून इंग्रजीत जातात. 'तुम्ही' म्हणून चूक दाखवता येत नाही आणि 'तू' म्हणायची छाती होत नाही. म्हणजे इंग्रजी तेथे ज्ञानभाषा म्हणून येत नाही, आडोसा म्हणून येते. भाषेच्या ऱ्हासाविषयी आपण परिसंवाद भरवतो, त्यांत हा आडोसा मला कोठे आढळलेला नाही.

या क्षेत्राचे स्वतःचे चिंतन काय आहे, हे पाहावे म्हणून मी काही वाचन केले. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएमच्या 'सिस्टीम/३६०' या संगणकमालिकेच्या कार्यप्रणालीचे काम सांभाळले होते. त्या अनुभवावरचे 'द मिथिकल मॅन-मन्थ' हे त्यांचे पुस्तक १९७५ साली आले. उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसे घातली की तो अधिकच लांबतो, हे त्यांचे निरीक्षण आता म्हणीसारखे झाले आहे. कारण साधे आहे. नव्याला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो, आणि माणसे वाढली की त्यांच्यातल्या बोलण्याच्या वाटा त्याहून वेगाने वाढतात. पाच माणसांत दहा जोड्या, दहा माणसांत पंचेचाळीस, पन्नास माणसांत बाराशे पंचवीस. मेल्व्हिन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये म्हटले होते की संस्था जी प्रणाली घडवते तिचा आकार त्या संस्थेतल्या संवादाच्या आकारासारखाच होतो. जे दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांची यंत्रेही बोलत नाहीत. १९९९ च्या सप्टेंबरात मंगळाजवळ पोहोचलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान नष्ट झाले, कारण जमिनीवरची एक प्रणाली आवेग पौंड-सेकंदांत देत होती आणि तो वापरणारी दुसरी न्यूटन-सेकंदांत धरीत होती. आपल्याकडे मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्याआधी तर्कतीर्थांनी परिभाषासंग्रह सिद्ध करवून घेतला होता. आधी शब्द ठरवा, मग नोंदी लिहा. असो.

परंतु खऱ्या अर्थाने मला थांबवले ते पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाच्या १९८५ सालच्या निबंधाने. त्याचे म्हणणे असे की प्रोग्रॅम म्हणजे लिहिलेल्या ओळी नव्हेत. तो लिहिताना लिहिणाऱ्यांच्या मनात जी एक समज तयार होते, तोच खरा प्रोग्रॅम. हे असेच का आहे, दुसरे का नाही, नवी गरज आली तर कोठे हात घालायचा, हे त्या समजेत असते. त्याने दिलेले उदाहरण दोन गटांचे आहे. एका गटाने एक कंपायलर तयार केला. दुसऱ्याला तो वाढवायचा होता. दुसऱ्या गटाकडे संपूर्ण संहिता होती, भरपूर टिपणे होती, मूळ गटाचा सल्लाही मिळत होता. तरीही त्यांनी सुचवलेल्या भरी मूळ रचनेचे सामर्थ्य न ओळखता वरून लावलेली ठिगळे ठरत, आणि मूळ गटाला ते पाहताक्षणी कळे. पुढे मूळ गटाचा संबंध सुटल्यावर ती रचना दिसत राहिली, पण ठिगळांमुळे पूर्णपणे निष्प्रभ झाली. नाउरच्या मते जाणणारा गट पांगला की प्रोग्रॅम मरतो. संहितेवरून तो पुन्हा जिवंत करणे सर्वथा अशक्य असते.

हे वाचताना मला 'लीळाचरित्र' आठवले नसते तरच नवल. म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन लीळा मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि स्मरणावरून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. मला थोर वाटते ती त्या मंडळींची एक सवय : एकीची आठवण वेगळी, दुसऱ्याची वेगळी, तर त्यांनी ती खोडली नाही; 'वासना' म्हणून ती भिन्न आठवण नोंदवून ठेवली. जाणणारी माणसे असताना त्यांच्याकडे जाणे, आणि मतभेद नावानिशी जपणे. मी त्या गटाला हे सांगितले तेव्हा एकाने हसून सांगितले की त्यांच्या 'गिट' या साधनातही प्रत्येक ओळ कोणी आणि कधी बदलली हे दाखवणारी आज्ञा आहे. तिचे नाव 'ब्लेम'. कोणी लिहिले हे विचारणे म्हणजे दोष देणे, असे ज्या व्यवसायाने नावातच ठरवून टाकले आहे, तेथे माणसे कर्ता लपवणारी वाक्ये का लिहितात याचे कोडे माझ्यापुरते बरेचसे सुटले.

त्याच सुमारास गटातला सर्वांत जुना माणूस सोडून चालला होता. प्रथेप्रमाणे त्याने चाळीस पानांचे हस्तांतर-टिपण लिहिले. त्यात 'काय' आणि 'कसे' व्यवस्थित होते. 'का' हा शब्द एकदाही नव्हता. मी सुचवले की उरलेले दिवस त्याला लिहायला लावू नका, विचारा. तीन दुपारी सर्वजण त्याच्याभोवती बसले, मराठी-इंग्रजी-हिंदी जमेल तसे बोलले, आणि फक्त 'का' विचारत राहिले. एका विचित्र अटीपाशी तो घुटमळला. मग म्हणाला, ती एका जुन्या ग्राहकासाठी होती, तो ग्राहक सहा वर्षांपूर्वीच गेला. सहा वर्षे सगळे त्या अटीला वळसा घालून जात होते. एखाद्या घरात कोणाचे म्हणून ठेवलेले ताट, आणि ते कोणाचे हे आता कोणालाच ठाऊक नाही, तसे.

एक प्रश्न मात्र मला सुटलेला नाही. माझा पेशा मराठीचा. त्या सातजणांनी आपसात मराठीत बोलावे, विचार करावा, याचा मला आनंदच होतो, आणि बोलणे मराठीत झाले की त्यांच्या शंका खऱ्या आणि नेमक्या होतात हेही मी पाहिले. पण गटात चार जण अमराठी होते. महत्त्वाचे पुष्कळसे निर्णय चहाच्या टपरीवर मराठीत होत आणि या चौघांना ते दुसऱ्या दिवशी झालेले दिसत. 'मला कोणी सांगितलेच नाही' ही तक्रार सर्वांची होती खरी, पण या चौघांची अगदी शब्दशः होती. त्यांपैकी कोइम्बतूरची एक मुलगी मला म्हणाली, "मला मराठी येत नाही याचे कोणाला काही वाटत नाही, त्यामुळे कोणी शिकवतही नाही." पुण्यात तीन वर्षे राहून तिला आलेले शब्द होते 'चालेल', 'नको' आणि, अर्थातच, 'होऊन जाईल'.

२०२० नंतर ती मंडळी घरून काम करू लागली आणि टपरी संपली. आता बहुतेक सगळे लिहूनच होते. माझी विद्यार्थिनी सांगते की त्या चौघांना त्यामुळे अधिक कळू लागले, आणि मराठी सातांना कमी.